ऑफिसला परत बोलावणं आणि अडीचशे वर्षांपूर्वीचे विणकर

माझी मावसबहीण आयटीत आहे. कोविडपासून ती साताऱ्याच्या घरूनच काम करत होती. मग एक दिवस मेल आला : सोमवारपासून पाचही दिवस पुण्याच्या ऑफिसात. ती वैतागून म्हणाली, "काम तेच, लॅपटॉप तोच. मग तिथं जाऊन बसायचं कशाला रे?"

मित्रांनो, आर्थिक इतिहासातला एक गाजलेला वाद याच प्रश्नावर आहे.

१८व्या शतकात इंग्लंडमध्ये बरंचसं कापड घरोघरी तयार व्हायचं. व्यापारी कच्चा माल द्यायचा, कुटुंब सूत कातायचं, विणायचं आणि पैसे कामाच्या नगावर मिळायचे. तास ज्याचे त्याच्या हातात. सोमवारी अनेकजण कामाला हातच लावत नसत. गमतीनं त्याला 'सेंट मंडे' म्हणत. आठवड्याच्या शेवटी मग मरमर. ई. पी. थॉम्पसन यांनी १९६७च्या निबंधात दाखवलं की ही लय मोडून घड्याळाची शिस्त अंगवळणी पाडायला घंटा, दंड, देखरेख असं बरंच काही लागलं.

पण मुळात कारखाना आलाच का? आपलं पाठ्यपुस्तकी उत्तर : यंत्रं आली म्हणून. स्टीफन मार्गलिन यांनी १९७४मध्ये हे उलटवलं. त्यांच्या मते खरं कारण नियंत्रण होतं. घरी बसलेला माणूस किती वेळ काम करतो, किती सूत लांबवतो, हे मालकाला दिसत नव्हतं. डेव्हिड लँडिस यांनी १९८६मध्ये उत्तर दिलं : नुसत्या देखरेखीनं कारखाना जिंकला नसता, स्वस्त माल यंत्रांमुळेच निघाला.

आता निवाडा कसा करायचा? इथंच संशोधनाची खरी गंमत आहे. दोन्ही उत्तरं जिथं वेगळी पडतात, अशी जागा शोधायची. सूतकताई १७७०च्या दशकापासून कारखान्यात जाऊ लागली, पण विणकाम यंत्रमाग पसरेपर्यंत, म्हणजे पुढची कित्येक दशकं, बहुतांशी घरीच राहिलं. हा मुद्दा लँडिस यांच्या बाजूचा. उलट लीड्सला बेंजामिन गॉट यांनी साधे हातमागच कारखान्यात आणून बसवले होते. तिथं यंत्राचं कारण चालत नाही! म्हणजे एकच कारण सगळीकडे लावता येत नाही.

मग बहिणीच्या प्रश्नाचं काय? तिचं यंत्र पिशवीत मावतं, त्यामुळे यंत्राचं उत्तर इथं लंगडं पडतं. पण म्हणून लगेच 'नियंत्रण' असा शिक्का मारू नका. नव्या पोरांना शिकवणं, एकत्र बसून अडचण सोडवणं, हीही कारणं असू शकतात. ती तपासावी लागतील. शिवाय विणकराला नगावर पैसे मिळायचे, तिला महिन्याचा पगार मिळतो. हा फरक विसरून तुलना केली तर व्हायव्हात पहिल्याच प्रश्नाला अडकाल.

आणखी एक. कारखान्यांचे नियम, हजेरी, दंडाच्या नोंदी मालकांनी लिहिल्या, म्हणून त्या टिकल्या. विणकराचं वैतागणं फारसं कुणी लिहून ठेवलं नाही. आजचा मेल कंपनीच्या सर्व्हरवर राहील. बहिणीचं वाक्य मात्र मी वहीत तारखेसकट उतरवून ठेवलंय. तुम्हीही ठेवत चला.