प्रौढशिक्षण आणि वयाची अट

महाराष्ट्रातील प्रौढशिक्षणाचा, म्हणजे शाळेचे वय उलटून गेलेल्या स्त्रीपुरुषांना अक्षरओळख आणि व्यवहारज्ञान देण्याच्या प्रयत्नांचा, इतिहास बहुधा साक्षरतेच्या वाढत्या टक्केवारीतून सांगितला जातो. परंतु प्रौढ कोणत्या वयापर्यंत धरावा, या प्रश्नाची निरनिराळ्या काळांतील उत्तरे पाहिली, तर त्यात वृद्धांना किती उशिरा जागा मिळाली हे अधिक स्पष्ट होते.

एकोणिसाव्या शतकात अशी वयोमर्यादा नव्हती, कारण ती आखणारी सरकारी योजनाच नव्हती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी व मजुरांसाठी जी रात्रीची शाळा काढली, तिची वेळ शिकणाऱ्यांच्या दिवसभराच्या कष्टांवरून ठरली होती. पुढे मुंबईत ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने गिरणी कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालये चालवली. खेडोपाडी मात्र वयस्कांची खरी शाळा चातुर्मासातील पोथीची होती. एकाने वाचावे, जाणत्याने अर्थ सांगावा आणि इतरांनी ऐकावे, अशा या श्रवणपरंपरेत अक्षर न ओळखणाऱ्या म्हाताऱ्यांनाही शेकडो ओव्या मुखोद्गत असत. या श्रोत्यांना पुढच्या अहवालांनी सरसकट निरक्षरांच्या रकान्यात टाकले, हे मोजणीच्या दृष्टीने बरोबर असले तरी त्यांच्या ज्ञानाचे ते अपुरेच वर्णन होते.

उशिरा शिकण्याचे सर्वांत ठळक उदाहरण पुण्याजवळच्या हिंगण्यातील विधवाश्रमाचे आहे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये सुरू केलेल्या या आश्रमाच्या कार्यकर्त्या पार्वतीबाई आठवले (जन्म १८७०) या कर्व्यांच्या मेहुणी; विसाव्या वर्षी वैधव्य आले, पंचविशी ओलांडल्यावर त्यांचे शालेय शिक्षण सुरू झाले, आणि शिकून त्या संस्थेसाठी गावोगाव निधी गोळा करू लागल्या. इंग्रजीवाचून हे काम अडते असे वाटल्याने १९१८ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या अमेरिकेला गेल्या आणि तेथे घरकाम करून पोट भरत भाषा शिकल्या. ‘माझी कहाणी’ हे त्यांचे आत्मचरित्र १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या जिद्दीचे कौतुक पुष्कळ होते. त्यामानाने, वयाचा प्रश्न न करता मोठ्या बायकांना बाराखडीपासून शिकवणारी संस्था आधी उभी होती, या गोष्टीकडे कमी लक्ष जाते.

सरकारी पातळीवर मुंबई प्रांतातील बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, १९३७ ते १९३९ या वर्षांत, प्रौढशिक्षणाला चालना मिळाली. स्वातंत्र्यानंतरचा मोठा प्रयत्न म्हणजे १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात सुरू होऊन पुढे राज्यभर पसरलेली ग्राम शिक्षण मोहीम होय. तिच्यात संपूर्ण गाव हे एकक मानले होते. गावातील शिक्षक आणि शिकलेली माणसे विनामोबदला वर्ग घेत, आणि गाव साक्षर झाल्यावर ग्रामगौरव समारंभ होई. गावाची अब्रू पणाला लागल्यामुळे संकोच करणारी वयस्क माणसेही पाटी हाती घेत असणार, असे मानायला जागा आहे. तरीही मोहिमेचे उद्दिष्ट चौदा ते पन्नास या वयोगटापुरतेच होते.

पुढे ही मर्यादा आणखी खाली आली. २ ऑक्टोबर १९७८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रमाने आणि १९८८ च्या राष्ट्रीय साक्षरता अभियानाने पंधरा ते पस्तीस हा गट निवडला, कारण साक्षरतेचा लाभ उत्पादनात, कुटुंबनियोजनात आणि मुलांच्या शिक्षणात दिसावा अशी अपेक्षा होती. मर्यादित पैसा तरुणांवर खर्चावा, हा हिशेब समजण्यासारखा आहे. पण पत्र वाचणे, अंगठ्याऐवजी सही करणे, औषधाच्या बाटलीवरचे नाव ओळखणे या गरजा पस्तिशीला संपत नाहीत, उलट तेथून वाढतात. अशा गरजा असलेल्या वृद्ध स्त्रियांसाठी ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे येथे ८ मार्च २०१६ रोजी सुरू झालेली आजीबाईंची शाळाही या योजनांतून नव्हे, तर गावातील शिक्षक आणि एका धर्मादाय न्यासाच्या पुढाकाराने उभी राहिली.

सरकारी योजनांपैकी त्याआधी २००९ च्या साक्षर भारत योजनेने पंधरा वर्षांवरील सर्वांना सामावून घेतले, आणि २०२२ पासूनच्या उल्लास कार्यक्रमातही वरची मर्यादा नाही. मात्र त्यातील पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान चाचणीत वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० असे एकूण १५० गुण असून, विशीतल्या तरुणाला आणि सत्तरीच्या आजींना तीच प्रश्नपत्रिका सोडवावी लागते.