प्रवाळ मत्स्यालय, घरगुती (टाकीचा आकार)

घरातील खाऱ्या पाण्याच्या टाकीत जिवंत प्रवाळ, मासे व इतर समुद्रजीव एकत्र पाळण्याची रचना. लहान टाकीवरून मोठीवर जाताना आकार कसा ठरवावा, एवढाच भाग या नोंदीत घेतला असून तो अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या संदर्भात आहे. किनारपट्टीच्या शहरांचे आडाखे येथे जसेच्या तसे चालत नाहीत. समुद्र घाटापलीकडे, हवा वर्षातील बराच काळ कोरडी आणि बोअरचे पाणी जड. त्यामुळे समुद्राचे पाणी घरीच, मीठ कालवून तयार करावे लागते.

इतिहास : लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1853 मध्ये सार्वजनिक मत्स्यालय सुरू झाले. घरच्या टाकीत प्रवाळ जगवण्याची पद्धत बरीच उशिरा रुळली. सजीव खडक (जिवाणू वसलेला समुद्री खडक) व हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळ टिकवण्याची जाकार्ताच्या ली चिन एंग यांची रीत 1961 मध्ये प्रसिद्ध झाली. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय 1951 चे. महाराष्ट्रात नैसर्गिक प्रवाळ सिंधुदुर्ग किनाऱ्याला आढळतात. तेथील मालवण सागरी अभयारण्य 1987 मध्ये घोषित झाले.

आकारमान : दुकानांत टाकी फुटांत मागतात, पाणी मात्र लिटरमध्ये मोजावे लागते. एक घनफूट म्हणजे 28.3 लिटर. त्यानुसार 2×1×1 फुटांची टाकी काठोकाठ 57, 3×1.5×1.5 ची 191, 4×2×2 ची 453 आणि 6×2×2 ची 680 लिटरची भरते. वरची मोकळी जागा, वाळू व दगड यांमुळे प्रत्यक्षात पाणी कमी बसते. टाकीखालच्या संपमधील (जोडटाकीतील) पाण्याने ही तूट बरीचशी भरून निघते. ‘जुन्या टाकीच्या दुप्पट घ्या’ हा सल्ला सर्वत्र मिळतो, परंतु त्याला निश्चित आधार दाखवता येत नाही.

पाणी : या जिल्ह्यात आकाराचा निर्णय मुख्यतः पाण्यावरच होतो. मोठ्या टाकीत तापमान व क्षारता सावकाश बदलतात, म्हणून ती सांभाळायला सोपी, हे खरे आहे. पण ती दर आठवड्याला किती पाणी मागणार, हा प्रश्न टाकी घेताना क्वचितच विचारला जातो. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचे आणि बाष्पीभवनाने रोज 5 मिलिमीटर पातळी उतरते असे धरले, तर चार फुटी टाकीला बदलण्यासाठी 45 व भर घालण्यासाठी 26, असे सुमारे 71 लिटर शुद्ध पाणी आठवड्याला लागते. घरगुती आरओ एका लिटरमागे तीन लिटर सोडून देतो असे मानल्यास नळातून 280 लिटरच्या वर पाणी घ्यावे लागेल. याच हिशेबाने दोन फुटीला सुमारे 50, तीन फुटीला 135 आणि सहा फुटीला 430 लिटर पाणी लागते. आरओचे सोडलेले पाणी फरशी पुसण्यास वापरता येते. तरीही पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड यांसारख्या तालुक्यांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या घरांनी तीन फुटीच्या पुढे जाऊ नये. नगर शहराला मुळा धरणाचे पाणी मिळते. तेथेही रोज न येणाऱ्या नळाचा विचार करून साठवणीची टाकी आधी मोजावी, काचेची नंतर.

बाष्पीभवनात फक्त पाणी उडते, मीठ मागे राहते. म्हणून भर गोड्या शुद्ध पाण्याचीच घालायची. येथे टाकीची उंची लांबीपेक्षा महत्त्वाची ठरते. 30 सेंटीमीटर खोल पाण्यातून 5 मिलिमीटर उडाले की क्षारता एका दिवसात हजारी 35 वरून 35.6 च्या आसपास जाते. 60 सेंटीमीटर खोल पाण्यात ही वाढ निम्मी होते. दोन दिवस गावाला जाणाऱ्या कुटुंबासाठी हा फरक महत्त्वाचा ठरतो. मात्र उंची दोन फुटांच्या पुढे नेली तर तळाशी हात पोचत नाही, उजेड कमी पडतो आणि काच जाड घ्यावी लागते. कारण काचेवरचा दाब पाण्याच्या खोलीवर अवलंबून असतो, लांबीवर नाही.

ऊसपट्ट्यातील राहुरी, श्रीरामपूर, कोपरगाव भागांत विहिरी-बोअरच्या पाण्यात क्षार, काही ठिकाणी नायट्रेटही जास्त असते. अशा पाण्यात मीठ थेट कालवू नये. आरओनंतर डीआय (उरलेले क्षार काढणारी गाळणी) लावावा. बदलून काढलेले खारे पाणी परसात ओतणे सर्वथा टाळावे. चार फुटी टाकीतून आठवड्याला दीड किलोहून अधिक मीठ बाहेर पडते आणि काळ्या जमिनीत ते साचत जाते. क्षारपड जमिनीचे दुखणे या पट्ट्याला नवे नाही.

वजन : समुद्राचे पाणी लिटरला सुमारे 1.025 किलो भरते. 4×2×2 फुटांच्या टाकीत पाणी 465, 12 मिलिमीटरची काच सुमारे 90, त्यावर दगड, वाळू, भरलेला संप व स्टँड, असे सर्व मिळून 700 किलोंच्या आसपास जाते, तेही पाऊण चौरस मीटरवर. भारतीय मानक 875 नुसार राहत्या खोलीचा चल भार चौरस मीटरला 2 किलोन्यूटन (सुमारे 200 किलो) धरतात. हा आकडा सबंध खोलीसाठी असल्याने स्लॅब लगेच खचेल असे नव्हे. तरी वरच्या मजल्यावर टाकी भिंतीलगत, बीमवर ठेवावी आणि चार फुटी व त्यापुढच्या टाकीसाठी स्थापत्य अभियंत्याला विचारावे. जुन्या वाड्यांच्या माडीवर, लाकडी तुळयांच्या आधारावर, प्रवाळाची टाकी ठेवूच नये. तळमजल्याची शहाबादी फरशीही आतून पोकळ वाजत नाही ना, हे ठोकून पाहावे.

उष्णता व वीज : बहुतेक प्रवाळांना 24 ते 27 अंश सेल्सिअस मानवते. एप्रिल-मे महिन्यांत नगरला पारा चाळिशीला टेकतो. कोरड्या हवेत पाण्यावर पंखा लावल्यास दोन-तीन अंशांचा उतार मिळतो (दमट कोकणात तो इतका मिळत नाही), पण बाष्पीभवन वाढते व वरचा पाण्याचा हिशेब बदलतो. मोठ्या टाकीला चिलरच हवा. त्याची किंमत बहुधा काचेपेक्षा जास्त पडते. वीज गेली की टाकीतील पाणी संपमध्ये उतरते. चार फुटी टाकीची पातळी 3 सेंटीमीटर खाली आली तरी 22 लिटर पाणी येते. संपमध्ये तेवढी जागा नेहमी रिकामी असावी. इन्व्हर्टरवर निदान पाणी हलवणारा पंप चालला पाहिजे.

मासे : क्लाउनफिशला तीन फुटी पुरते, 30 सेंटीमीटरपर्यंत वाढणाऱ्या ब्लू टँगला सहा फुटी हवी, म्हणून पाण्याची टंचाई असलेल्या घरांनी तो घेऊ नये.

कायदा : दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे व समुद्रघोडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली संरक्षित आहेत. ते किनाऱ्यावरून आणणे हा गुन्हा आहे.

स्थलांतर : जुन्या टाकीतील सजीव खडक ओलाच हलवावा, पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणू त्यातच असतात. तळाची जुनी वाळू ढवळून नव्या टाकीत नेऊ नये, तिच्यात साचलेली घाण व विषारी वायू एकदम सुटतात. नवी वाळू, नवे खारे पाणी आणि जुना खडक असे काही आठवडे चालवून, अमोनिया व नायट्राइट शून्य आल्यावर प्रवाळ हलवावेत. तोवर दोन्ही टाक्या चालू राहतात, म्हणजे पाण्याची गरजही दोन टाक्यांची असते. म्हणून हे काम पावसाळा संपताना काढावे. रिकामी झालेली लहान टाकी विकू नये. नवा मासा आधी तिच्यात वेगळा ठेवता येतो.