प्लगचा रंग

पांगला पोस्टिंग होती तेव्हाची गोष्ट. मनाली-लेह रस्त्यावरचं हे ठिकाण, उंची पंधरा हजार फुटांच्या आसपास. झाड नाही, गवताची काडी नाही. वारा मात्र चोवीस तास ड्युटीवर. एका दुपारी गेटसमोर एक पोरगा गाडी ढकलत आला. नंबरप्लेट एमएच १२. पुण्याची गाडी बघून मी पुढे झालो आणि गाडी ओळखून जागीच थांबलो. राजदूत ३५०.

"काका, किक मारून पाय गेला. अजिबात चालू होत नाहीये."

"प्लग कधी काढला होतास?"

पोरगा गप्प. मग म्हणाला, "गाडी बाबांची आहे. ते दर रविवारी काढायचे. मी हसायचो त्यांना."

मी प्लग पाना आणला. दोन सिलिंडर, दोन प्लग. दोन्ही काळेकुट्ट आणि ओले. मशीन शाबूत होती, फक्त तिचा श्वास कोंडला होता. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांहूनही कमी असतो. कार्बोरेटरला ते कळत नाही, तो खालच्या हिशेबानेच पेट्रोल सोडत राहतो. हवा कमी, पेट्रोल जास्त, म्हणजे काजळी. त्यात टू-स्ट्रोक, पेट्रोलबरोबर ऑइलही जळणार. काजळीतून करंट परस्पर निघून जातो आणि ठिणगी पडतच नाही.

पण मंडळी, या एवढ्याशा प्लगमागे मोठा इतिहास आहे. फ्रान्समध्ये लेन्वारने १८६० साली आपल्या गॅस इंजिनात विजेची ठिणगी वापरली. ती भरवशाची झाली १९०२ मध्ये, जेव्हा बॉशच्या कारखान्यातल्या होनोल्ड नावाच्या इंजिनिअरने हाय-व्होल्टेज मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीचा प्लग तयार केला. पुढे १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं आणि ब्रिटनची पंचाईत झाली. त्यांच्या मोटारी, विमानं, सगळ्यांचे मॅग्नेटो बहुतांशी जर्मनीतून यायचे! शत्रूच्याच ठिणगीवर आपलं इंजिन. घाईघाईने स्वतःचे कारखाने उभे करावे लागले. फौजी माणसाला हा धडा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आपल्याकडे १९५१ मध्ये बंगळूरला मायको कंपनी निघाली, बॉशच्याच तंत्रावर. अडुगोडीच्या त्या कारखान्यातला प्लग पुढे देशभरच्या गॅरेजांत पोचला. स्कूटर असो की जीप, दुकानात जाऊन लोक 'मायकोचा प्लग द्या' असंच म्हणायचे.

राजदूत ३५० आली १९८३ मध्ये. यामाहाची आरडी ३५० जपानने १९७३ मध्ये काढली होती, तीच फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सने इथे बनवली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, सहा गिअर. जपानी गाडीची ताकद ३९ हॉर्सपॉवर, आपल्याकडे ती कमी करून साडेतीसवर आणली, पुढे २७ वर. पुढची डिस्कही गेली, ड्रम ब्रेक आले. तरीही त्या काळच्या आपल्या रस्त्यांवर तिला गाठणारं कुणी नव्हतं. 'आरडी म्हणजे रॅपिड डेथ' असं पोरं म्हणायची. दशक संपता संपता ती बंद पडली.

का? पेट्रोल प्यायची, महाग होती, स्पेअर मिळत नव्हते, हे सगळं खरं. पण आणखी एक कारण होतं. ती लक्ष मागायची. दोन प्लग, पॉइंटचे दोन सेट, दोन कार्बोरेटर, आणि दोन्ही बाजू एका सुरात हव्यात. १९८५ मध्ये हिरो होंडा सीडी १०० आली, ९७ सीसीची फोर-स्ट्रोक. तिची सगळी जाहिरातच ही होती की पेट्रोल भरा आणि गाडीला विसरून जा. देशाला तेच हवं होतं. त्यात चूक काही नाही, कामावर जाणाऱ्या माणसाला रोज प्लग कोण काढणार? पण रविवारी सकाळी अंगणात पाना घेऊन बसायची सवय तिथून सुटत गेली.

मी प्लग शिकलो तो बंगळूरच्या पोस्टिंगमध्ये. आमच्या उस्तादांकडे हीच गाडी होती. एका शुक्रवारी मी हौसेने त्यांचे प्लग साफ केले आणि परत बसवताना थेट पाना लावला. प्लग तिरका घुसला. जोर लावला, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या हेडचे आटे गेले. उस्ताद दुसऱ्या दिवशी म्हैसूरला हॉस्टेलवरून मुलीला आणायला जाणार होते. गाडी जागेवर, पोरगी वाट बघत बसली. त्यांनी मला एक शब्दही सुनावला नाही. सोमवारी हेड उतरवून जेसी रोडवर नेलं, नवे आटे बसवून आणले आणि माझ्या हातात प्लग दिला. "बीस बार. सिर्फ उंगली से." वीस वेळा घातला, वीस वेळा काढला. ती शिक्षा मी अजून विसरलो नाही.

पांगला त्या पोराला मी तेच शिकवलं. इंजिन थंड होऊ दे. प्लगभोवतीची माती आधी फुंकून काढ, नाहीतर ती सिलिंडरमध्ये जाते. मग प्लग काढ आणि रंग बघ. चहासारखा तपकिरी असेल तर तब्येत ठीक. काळा म्हणजे पेट्रोल किंवा ऑइल जास्त. पांढराफटक दिसला तर सावध, इंजिन तापतंय, पिस्टनला भोक पडायची वेळ आलीय. ब्रशने साफ कर, फीलर गेज घालून ०.६ मिलिमीटरच्या आसपास गॅप ठेव. नवा प्लग घेताना नंबर नीट जुळव, कारण एनजीकेचा आकडा वाढला की प्लग थंड होतो आणि बॉशच्या आताच्या नंबरांत नेमकं उलटं आहे. जास्त लांब आट्यांचा प्लग तर कधीच नको, तो पिस्टनवर आपटतो.

त्याने प्लग घेतला आणि सरळ पान्याकडे हात नेला. मी हात धरला. "आधी बोटांनी. पूर्ण बसेपर्यंत. मग पाना, वॉशर दबेल इतकाच."

एअर फिल्टर झटकला, कार्बोरेटरमध्ये लहान जेट टाकला. तो त्याच्या बाबांनी निघताना टूलकिटमध्ये चिंधीत बांधून दिला होता, पोराला पत्ताच नव्हता कशासाठी. तिसऱ्या किकला गाडी बोलली.

"लेहहून खाली उतरलास की जुना जेट परत टाक," मी म्हटलं. "हवा वाढली आणि पेट्रोल कमी राहिलं तर प्लग पांढरा पडेल."

"काका, बाबांना फोन लावून हे सांगायला हवं."

पांगला तेव्हा मोबाईलला रेंज नव्हती. "लेहला पोचलास की लाव," मी म्हटलं. "आणि प्लगचा रंग कसा होता ते आधी सांग. ते तेच विचारतील."