घरातला खेळ आणि कामाचे तास



व्याख्यानमालेत व्हिडिओ गेमवर बोलणार हे ऐकून काही वडीलधाऱ्यांनी नाके मुरडली, असे माझ्या कानावर आले आहे. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. परंतु माझा विषय त्या यंत्रातली करामत हा नाही. ती सांगण्याचा मला अधिकारही नाही. शाळा लवकर सुटली. पुढचे वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, पगारपत्रकांच्या गठ्ठ्यांशेजारी. मला कुतूहल आहे ते एवढेच की, घरातली माणसे एकत्र बसून खेळतात ती केव्हा, आणि त्यांना तसे खेळता येत नाही ते केव्हा? लढायांच्या सनावळ्या आपल्याला पाठ असतात. या गोष्टीचा इतिहास मात्र फारसा कोणी सांगत नाही.

फार दूर जाण्याचे कारण नाही. तारळीकाठचे पाल उंब्रजहून हाकेच्या अंतरावर आहे. पौषात तेथे खंडोबा-म्हाळसेचे लग्न लागते. वाघ्या-मुरळींच्या गाण्यांतून सांगतात की, लग्नानंतर देव म्हाळसेबरोबर सारीपाट खेळला, पणात हरला आणि बारा वर्षांचा वनवास पत्करून धनगरांच्या बाणाईकडे चाकरीला राहिला. तो मुद्दाम हरला, असेही सांगणारे आहेत. वेरूळला गेलात तर सुमारे सहाव्या शतकातल्या एकविसाव्या आणि एकोणतिसाव्या क्रमांकाच्या लेण्यांत शिव-पार्वती फाशांचा डाव मांडून बसलेली दिसतील. म्हणजे नवरा-बायकोने समोरासमोर बसून खेळावे, रुसावे, चिडावे, ही कल्पना आपल्याकडे काल-परवाची नव्हे. आपल्या लग्नातही हळद उतरण्याच्या आत नवरा-नवरीला सुपारी लपवण्याचा खेळ खेळवतातच. त्या खेळानंतर सुनेला पुन्हा खेळायला बसण्याची सवड किती वर्षांनी मिळे, हा प्रश्न बाजूला ठेवतो. पुढे त्याकडे यावयाचेच आहे.

सारीपाटाची रचना पाहा. कापडाचा चौफुला, प्रत्येक फुलीला चोवीस घरे, मिळून 96. चार रंगांच्या सोळा सोंगट्या. समोरासमोरचे दोघे भिडू. पट मधोमध, माणसे चहूबाजूंना. मोक्षपटात तर सापशिड्यांच्या वाटेने पापपुण्याची शिकवण गुंफलेली असे. परंपरा त्याचे श्रेय ज्ञानेश्वरांना देते. मात्र हाती आलेले जुने पट त्यांच्यानंतर कित्येक शतकांचे आहेत, हेही सांगितले पाहिजे. मला यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती कवडीची. कवडी वय पाहत नाही. घरात ज्याच्यासमोर तोंड उघडायची चोरी, त्या आजोबांची सोंगटी सात वर्षांच्या नातवाने मारावी, आणि सगळ्या घराने हसावे, ही मुभा पटावरच होती.

सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा याहून भारी. गोल, लाखेची चमक असलेली 120 पाने. दहा अवतार, प्रत्येकाची बारा. दिवसा डाव मांडला तर उतारी रामाची, रात्री मांडला तर कृष्णाची. ही कला मोडकळीस आली असता शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी तिला जीवदान दिले, आणि 2024 साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. आनंद आहे. परंतु 120 पाने वाटून, गेलेले पान न् पान ध्यानात ठेवीत खेळण्याचा हा खेळ निवांत माणसाचा. तो वाड्यावर रुजला, यात नवल नाही.

येथे माझ्या धंद्याचा प्रश्न येतो. फुरसत कोणाजवळ होती?

मुंबईच्या गिरण्या सुरू झाल्या तेव्हा कामगार उजाडताना आत जाई आणि दिवेलागणीला बाहेर पडे. आठवड्याची ठराविक सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली कामगारांची संघटना उभी केली. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले, आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. रविवारच का? साहेबाचा प्रार्थनेचा दिवस म्हणून, असा आपला समज असतो. परंतु लोखंड्यांनी मांडले ते निराळे: रविवार हा आपल्या खंडोबाचा वार. पणात हरलेल्या त्या देवाच्या नावावर कामगाराने मालकाकडून एक दिवस जिंकला, असे मी सभांतून सांगतो, तेव्हा लोकांना ते आवडते.

तासांचे पुढचे पाऊल फार सावकाश पडले. 1911 साली कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांना दिवसाचे बारा तास. 1922 साली आठवड्याचे साठ. 1934 साली चोपन्न. 1948 साली अठ्ठेचाळीस. अठ्ठावन्न वर्षे!

तरीही सातारकराच्या घरात पट मांडला गेला नाही, कारण घरच एका जागी नव्हते. गडी गिरणगावात, गाळ्यात दहा-पंधरा जणांबरोबर. बायको-पोरे गावी, शेतावर. गड्याचा रविवार खानावळीत आणि पत्त्यांच्या डावात जाई. पोरगा बापाला ओळखी तो गणपती-शिमग्याला. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यांतले कितीतरी आपल्या कऱ्हाड-पाटण-वाळव्याकडे परतले. फुरसत आली, पण ती रिकाम्या हातांची फुरसत होती. असल्या फुरसतीत कोणी खेळत नाही.

त्याच 1982 साली दिल्लीला आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या आणि देशात रंगीत दूरचित्रवाणी आली. पुढील वर्षी, 15 जुलै 1983 रोजी, जपानातील निन्टेंडो कंपनीने घरच्या टीव्हीला जोडण्याचे खेळाचे यंत्र बाजारात आणले. नाव ठेवले ‘फॅमिली कॉम्प्युटर’. टीव्हीवर खेळण्याचे यंत्र अमेरिकेत 1972 सालीच विकले गेले होते. परंतु नावातच कुटुंब घालण्याचे शहाणपण या कंपनीचे. ते तिला सुचावे हे स्वाभाविक होते. ही कंपनी 1889 साली क्योटोत निघाली ती फुलांच्या चित्रांचे पत्ते बनविण्यासाठी. लोखंड्यांच्या रविवाराच्या आदल्या वर्षी. यंत्राला दोन मुठी होत्या, दोन्ही तारेने कायमच्या जोडलेल्या. एकट्याने खेळता येई, पण दुसरी मूठ समोर लोंबकळत राही, जणू कोणीतरी यावे म्हणून.

आपल्याकडे हे यंत्र नकलेच्या रूपाने आले. 1990 नंतरच्या दशकात तालुक्याच्या बाजारात निरनिराळ्या नावांची तशी खोकी मिळू लागली. कॅसेटवर ‘9999 खेळ’ असे छापलेले असे. प्रत्यक्षात तेच दहा-वीस खेळ पुन्हा पुन्हा. कॅसेट अडली की तोंडाने फुंकर मारावयाची. आळीत एकाच्या घरी यंत्र, आणि दारात चपलांचा ढीग. ‘काँट्रा’ नावाच्या खेळात दोघे शिपाई बरोबरीने पुढे सरकत. एक मागे रेंगाळला की दुसऱ्याची वाट अडे. पोरगा पुढे आणि बाप मागे, आणि पोरगा ओरडतो आहे, “पप्पा, उडी मारा की!” कवडीने नातवाला दैवाच्या जोरावर आजोबाच्या बरोबरीला आणले होते; या यंत्राने त्याला कौशल्याच्या जोरावर पुढे नेले. घरातील वडिलकीला याहून प्रेमळ धक्का मी पाहिलेला नाही. वीज मात्र मध्येच जाई. भारनियमनाने आपल्या भागातले किती डाव अर्धवट मोडले, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

आई मात्र त्या खोलीत बसलेली क्वचितच दिसे. ती आत चहा टाकीत असे. 2019 च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या स्त्रीचे दिवसाचे सरासरी 299 मिनिटे घरकामात जातात आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची 97, असे आढळले. ‘सारे घर खेळले’ असे आपण म्हणतो तेव्हा त्या घरातून एक माणूस वजा केलेले असते. लोखंड्यांचा रविवार स्वयंपाकघरापर्यंत अजून पोचायचा आहे.

2016 नंतर स्वस्त इंटरनेट आले आणि पडदा भिंतीवरून तळहातावर उतरला. आता चार माणसे एका खोलीत चार खेळ खेळतात. खेळामुळे घर तुटते, असे म्हणणाऱ्यांशी माझे पटत नाही. मधला पट काढून घेतला, हे खरे दुखणे. पैशाच्या ऑनलाइन जुगाराने मात्र घरे खरोखरच बुडाली, आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्राने त्यावर बंदीचा कायदा केला, तो योग्यच केला. पण म्हाळसा-खंडोबाच्या डावाला आणि या लुटीला एकच ‘खेळ’ शब्द वापरून दोहोंना एकदम हाकलून देऊ नये.

कायद्याच्या पाठोपाठ, सप्टेंबर 2025 मध्ये, आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनंदिन मर्यादा नऊवरून बारा तास करण्याच्या दुरुस्तीला मंजुरी दिली. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास कायम आहेत, कामगाराची संमती हवी, जादा सुटी मिळेल, असे सांगितले जाते. कागदावर बेरीज बरोबर आहे. पण पोराची शाळा त्या जादा सुटीच्या दिवशीही असते. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत सकाळी आठला कामावर लागलेला आमचा माणूस रात्री आठला सुटेल, गाडी मिळून महामार्गाने उंब्रजच्या फाट्यावर उतरेपर्यंत साडेनऊ वाजतील, आणि घरी पोचेल तेव्हा दुसरी मूठ धरणारा झोपलेला असेल.