इंदिरा संत यांची विरहकविता

इंदिरा संत यांची विरहकविता म्हणजे मराठी कवयित्री इंदिरा संत (४ जानेवारी १९१४ – १३ जुलै २०००) यांनी प्रिय व्यक्तीच्या कायमच्या वियोगाच्या अनुभवातून लिहिलेली भावकविता होय. 'शेला' (१९५१), 'मेंदी' (१९५५), 'मृगजळ' (१९५७) आणि 'रंगबावरी' (१९६४) या संग्रहांत ती प्रामुख्याने आढळते. वैयक्तिक दुःखाचे कलाकृतीत रूपांतर कसे होते, या प्रश्नाच्या चर्चेत मराठीत या कवितेचा उल्लेख आवर्जून केला जातो.

पार्श्वभूमी

इंदिरा दीक्षित यांचा विवाह ललित लेखक नारायण माधव संत यांच्याशी झाला. 'सहवास' (१९४०) हा पहिला कवितासंग्रह उभयतांच्या कवितांचा होता. १९४६ साली ना. मा. संत यांचे निधन झाले. त्या वेळी इंदिराबाई बत्तीस वर्षांच्या होत्या. मुलांच्या संगोपनाची जबाबदारी त्यांच्यावर आली. बेळगाव येथे अध्यापन करीत त्यांनी ती पार पाडली. यानंतरचा संग्रह 'शेला' हा केवळ त्यांच्या एकटीच्या कवितांचा होता. 'सहवास' आणि 'शेला' यांच्यामध्ये अकरा वर्षांचे अंतर आहे.

प्रीती हा त्यांच्या कवितेचा विषय वैधव्यापूर्वीही होता. त्यामुळे दुःखाने त्यांना कवयित्री केले असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होत नाही. दुःखाने आधीच असलेल्या काव्यवृत्तीला वेगळे वळण दिले, एवढेच म्हणता येते.

स्वरूप

संस्कृत साहित्यशास्त्रात करुण रस आणि विप्रलंभ शृंगार यांत भेद केला जातो. करुणाचा स्थायिभाव शोक असून त्यात पुनर्मीलनाची आशा संपलेली असते. विप्रलंभाचा स्थायिभाव रती असून त्यात भेटीची आस टिकून असते. या निकषाने पाहता इंदिराबाईंच्या अनुभवाची जागा करुणात आहे, पण त्यांच्या कवितेची भाषा बहुतांशी विप्रलंभाची आहे. गेलेल्या व्यक्तीविषयी आक्रोश करण्यापेक्षा ती त्या व्यक्तीला 'तू' म्हणून संबोधते. मृत्यूचा उच्चार टाळून दुरावा, वाट पाहणे आणि आठवण यांविषयी बोलते. भेट अशक्य आहे हे ठाऊक असूनही आस सुटत नाही, हा ताण या कवितेच्या मुळाशी आहे.

संयम हे तिचे दुसरे वैशिष्ट्य होय. कविता बहुधा आटोपशीर असते. भावना थेट सांगण्याऐवजी पाऊस, संध्याकाळ, अंगण, झाडे-फुले अशा नित्याच्या परिसरातील प्रतिमांतून ती सूचित केली जाते.

संग्रहांची नावेही लक्षणीय आहेत. शेला आणि मेंदी ही लग्नघरातील, सौभाग्याच्या शृंगारातील नावे. विधवेने साजशृंगाराचा त्याग करावा अशी अपेक्षा समाजात रूढ असलेल्या काळात एका विधवा कवयित्रीने ती आपल्या पुस्तकांना दिली. पतीच्या पश्चातही प्रीती व देहभान यांविषयी बोलण्याचा स्त्रीचा अधिकार या कवितेने कोणताही गाजावाजा न करता वापरला.

पुराणकथांचा आधार

काही कवितांत स्वतःचा अनुभव पुराणकथेतील व्यक्तीच्या मुखाने वा तिच्या निमित्ताने व्यक्त होतो. 'कुब्जा' ही कविता याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. कृष्णप्रीतीच्या परंपरेत मान राधेचा. या कवितेत मात्र पहाटे राधा झोपेत असताना बासरीचे सूर कुब्जेला ऐकू येतात आणि ते आपल्यासाठीच आहेत असे तिला उमगते. ज्या स्त्रीच्या वाट्याला प्रेम येणार नाही असे जगाने गृहीत धरले, तिला येथे प्रेमाचा साक्षात्कार होतो.

चरित्र आणि कविता

या कवितेला कवयित्रीच्या चरित्राची जोड दिली जाणे स्वाभाविक आहे. तथापि प्रत्येक ओळीमागे घडलेला प्रसंग शोधल्यास कवितेचा अर्थ आक्रसतो. शोकाचा श्लोक झाला ही वाल्मीकींविषयीची उक्ती प्रसिद्ध आहे. तिचा विचार करताना अभिनवगुप्त यांनी तो शोक मुनींचा व्यक्तिगत शोक मानू नये, असे बजावले आहे. दुःखात बुडालेला मनुष्य त्या क्षणी काव्य रचत नसतो. दुःख अंतरावरून न्याहाळता आले आणि त्याला लय व प्रतिमा लाभली, की ते वाचकाचेही होते. 'कुब्जा' आस्वादण्यासाठी कवयित्रीचे चरित्र ठाऊक असण्याची गरज भासत नाही, ती यामुळेच.

जात्यावरच्या ओवीतही असेच घडते. दळणारी स्त्री आपलेच सुखदुःख गाते, पण ती ओवी पुढे कोणाचीही होते. इंदिराबाईंना या ओव्यांचे विशेष आकर्षण होते. स्त्रियांच्या ओव्यांवर त्यांनी 'मालनगाथा' हा ग्रंथ सिद्ध केला.

उत्तरकाळ

मराठीत नवकाव्याचा प्रभाव वाढत असतानाही इंदिराबाईंनी आपला भावगेय पिंड सोडला नाही. 'गर्भरेशीम' (१९८२) या संग्रहाला १९८४ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांच्या काही कवितांना चाली लावण्यात आल्या असून त्या गीतरूपानेही रसिकांपर्यंत पोहोचल्या आहेत. त्यांचे पुत्र प्रकाश नारायण संत यांनी पुढे लंपन या मुलाच्या कथांतून बालपणातील जिव्हाळा आणि ताटातूट यांचे चित्रण केले.