गतिमान संकेतस्थळ : व्यापारातील उपयोग (इंदूर व माळवा)

पाहणाऱ्यागणिक, वेळेगणिक किंवा ठिकाणागणिक ज्याचा मजकूर बदलतो, ते गतिमान संकेतस्थळ. स्थिर संकेतस्थळाची पाने एकदा लिहून सर्व्हरवर ठेवलेली असतात. कोणीही उघडली तरी तीच दिसतात आणि मालाचा भाव बदलला की कोणाला तरी हाताने पान दुरुस्त करावे लागते. गतिमान संकेतस्थळाचे पान आधीपासून तयार नसते. मागणी येताच सर्व्हरवरील आज्ञावली डेटाबेसमधून त्या क्षणाची माहिती उचलते आणि पान तिथल्या तिथे रचून पाठवते. याची पुढची पायरी म्हणजे व्यक्तिसापेक्ष संकेतस्थळ. समोरचा माणूस कुठला आहे, त्याची भाषा कोणती, मागच्या खेपेला त्याने काय घेतले, हे ध्यानात ठेवून ते आपली मांडणी बदलते.

पूर्वपीठिका. वेब मुळात विसरभोळे. एकाच माणसाने लागोपाठ दोन पाने मागितली तरी सर्व्हरला ती दोन अनोळखी माणसे वाटत. नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली यांनी १९९४ मध्ये कुकीची, म्हणजे पाहणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये छोटी ओळखनोंद ठेवण्याची युक्ती काढली आणि संकेतस्थळाला गिऱ्हाईक ओळखता येऊ लागले. १९९५ मध्ये पीएचपी ही भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस आला. दोन्ही फुकट वापरता येत असल्याने लहान व्यावसायिकांनाही गतिमान पाने परवडू लागली. ‘हे घेणाऱ्यांनी तेही घेतले’ या धर्तीची शिफारस ॲमेझॉनने १९९८ मध्ये सुरू केली.

इंदूर. या शहराचा वेबशी संबंध लवकर आला. १९९९ मध्ये येथून ‘वेबदुनिया’ हे हिंदी पोर्टल सुरू झाले. पुढे ते मराठीसह इतर भारतीय भाषांतही आले. युनिकोड ही सर्व लिप्यांची सामाईक संकेतपद्धती रुळण्यापूर्वीच्या त्या दिवसांत संगणकावर देवनागरी धड दिसणे हीच मोठी गोष्ट होती. वाचकाला त्याच्या भाषेत पान देणे, ही व्यक्तिसापेक्षतेची सर्वांत साधी पातळी येथे आधी गाठली गेली.

मात्र गतिमान संकेतस्थळाचा व्यापाराला काय लाभ होतो, याचा ठळक दाखला शहराभोवतीच्या सोयाबीनच्या शेतांत सापडतो. माळवा हा देशातील सोयाबीनचा प्रमुख पट्टा. सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था आणि प्रक्रिया-उद्योजकांची ‘सोपा’ ही संघटना, दोन्ही इंदुरातच आहेत.

ई-चौपाल. आयटीसी कंपनी सोयाबीनची खरेदी मंडीतील आडत्यांमार्फत करीत असे. शेतकरी बैलगाडी किंवा ट्रॅक्टर जोडून मंडीत येई, तेव्हा कुठे त्याला भाव कळे. भाव पडलेला असला तरी माल परत नेण्याचा खर्च झेपत नसल्याने तो मिळेल त्या दराला देऊन टाकी. जून २००० मध्ये कंपनीने मध्य प्रदेशात ई-चौपाल सुरू केली. गावातीलच एका शेतकऱ्याच्या घरी संगणक बसवण्यात आला आणि त्या शेतकऱ्याला ‘संचालक’ म्हटले गेले. टेलिफोनची तार भरवशाची नव्हती, म्हणून पुढे उपग्रहाची तबकडी आली. वीज जाई, म्हणून सौरऊर्जेवर चालणारी बॅटरी आली.

या संगणकावर उघडणारे हिंदी संकेतस्थळ त्या त्या भागापुरते बोले. जिल्ह्याचे हवामान, आसपासच्या मंड्यांचे दर, पिकाचा सल्ला आणि तज्ज्ञांना प्रश्न विचारण्याची सोय त्यावर होती. आदल्या दिवशीच्या मंडीदरावर आधारलेला कंपनीचा खरेदीभाव शेतकऱ्याला घर सोडण्यापूर्वीच कळे. पटले तर तो माल थेट कंपनीच्या केंद्रावर नेई. तिथे इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन होई आणि पैसे पुरते मिळत. न पटले तर मंडीचा रस्ता मोकळाच होता. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना संचालक पान वाचून दाखवी. संकेतस्थळ जिल्ह्यापर्यंत पोचत होते. तिथून शेताच्या बांधापर्यंतचे अंतर संचालक कापत असे.

कंपनीचा मधल्या हाताळणीचा खर्च वाचला आणि कोणता माल कोणत्या गावचा हे समजू लागले. त्याच वाटेने बियाणे-खतेही विकता आली. अपराजिता गोयल यांचा या विषयावरील अभ्यास २०१० मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. केंद्रे सुरू झालेल्या जिल्ह्यांतील मंड्यांमध्ये सोयाबीनचा भाव सरासरी १ ते ३ टक्क्यांनी वाढल्याचे आणि लागवडीखालील क्षेत्रही वाढल्याचे त्यात आढळले. म्हणजे ज्यांनी माल मंडीतच विकला, त्यांनाही स्पर्धेचा फायदा पोचला. २०२२ मध्ये कंपनीने ‘आयटीसीमार्स’ हे मोबाइल ॲप आणले. संचालकाच्या घरातला सल्ला त्यामुळे शेतकऱ्याच्या हातातील फोनवर आला.

लाभ. किरकोळ व्यापारातही हिशेब असाच असतो. समजा, इंदुरातील एखादा नमकीनवाला परगावी माल पाठवतो. त्याच्या गतिमान पानावर आज ताजी असलेलीच शेव दिसते आणि संपलेली आपोआप उतरते. पुण्याचा पिनकोड टाकणाऱ्याला पुण्याचा पोचखर्च व दिवस कळतात, म्हणून त्याच चौकशीचे फोन कमी होतात. दर दिवाळीला तिखट शेव मागवणाऱ्याला तीच वर दिसते. कोणी काय पाहिले आणि न घेता परत गेला, ही नोंद मालकाला पुढच्या आठवड्यात काय तळायचे ते ठरवायला उपयोगी पडते.

मर्यादा. गतिमान संकेतस्थळाला सर्व्हर, देखभाल आणि सुरक्षा यांचा सततचा खर्च असतो. भाव आणि साठा यांची नोंद दुकानात रोज झाली नाही, तर गतिमान पानही शिळीच माहिती दाखवते. नव्या गिऱ्हाइकाची पूर्वनोंद नसल्याने त्याला नेमकी शिफारस करता येत नाही. भारतात वैयक्तिक माहितीच्या वापराचे नियम डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये घालून दिले आहेत. माहिती कशासाठी हवी हे सांगून संमती घेणे आणि ती मागे घेण्याची सोय देणे त्यात अपेक्षित आहे. १८ वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवून त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना त्यात मनाई आहे. माहितीच्या सुरक्षेत कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.