दोन जिवांची भूल

भामरागडजवळ हेमलकसा येथे २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. त्या वेळी हा भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला. डॉ. प्रकाश आमटे यांच्याबरोबर तेथे गेलेल्या डॉ. मंदाकिनी आमटे भूलशास्त्र शिकलेल्या होत्या. तेथे अनेक वर्षे वीज नव्हती आणि पावसाळ्यात नद्यानाल्यांमुळे वाट तुटे. अशा जागी अडलेल्या बाळंतिणीचे सिझेरियन करायचे, तर भूल कोणत्या औषधाने द्यावी? या प्रश्नामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. तो आपण थोडक्यात पाहू.

१८४७ साली एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सन यांनी बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरला. वेदना थांबल्या, पण एक धोका राहिला. गर्भारपणात अन्ननलिका व जठर यांमधील झडप सैल पडते आणि कळा सुरू झाल्यावर जठर लवकर रिकामे होत नाही. शुद्ध हरपली की खोकला व गिळणे या संरक्षक क्रिया थांबतात आणि पोटातील द्रव फुप्फुसात शिरू शकतो. न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेल्सन यांनी १९४६ साली ४४,०१६ गर्भवतींच्या नोंदी तपासल्या. त्यांत असे ६६ प्रसंग आढळले. सशांवर प्रयोग करून त्यांनी दाखवले, की मुख्य घात आम्ल करते. आम्ल उदासीन केले तर इजा बरीच कमी होते.

मग उपाय कोणता? झटपट भूल देऊन श्वासनलिकेत नळी बसवणे. १९३४ पासून वापरात आलेले थायोपेंटोन शिरेतून दिले की सुमारे अर्ध्या मिनिटात गुंगी येते. १९५१ च्या सुमारास सक्सामेथोनियम हे स्नायू सैल करणारे औषध आले. त्याचा परिणाम मिनिटभरात होतो आणि काही मिनिटांतच ओसरतो. १९६१ साली ब्रायन सेलिक यांनी गळ्यातील कूर्चेच्या कड्यावर दाब देऊन अन्ननलिका बंद ठेवण्याची रीत सांगितली. या दाबाच्या उपयुक्ततेविषयी आज मतभेद आहेत. पण घाईचे कारण पक्के आहे. गर्भवतीच्या फुप्फुसातील प्राणवायूचा साठा कमी असतो आणि खर्च जास्त. श्वास थांबताच तिचा प्राणवायू इतरांपेक्षा लवकर घटतो.

थायोपेंटोनला दोन मर्यादा होत्या. ते वारेतून बाळापर्यंत पोचते; मात्रा फार झाली तर बाळ सुस्त जन्मते. दुसरे, ते रक्तदाब उतरवते. वार सुटून किंवा गर्भाशय फाटून खूप रक्त गेलेल्या स्त्रीला हे झेपत नाही. पाठीच्या कण्यात इंजेक्शन देऊन भूल द्यावी, तर तीही रक्तदाब उतरवते.

येथे केटामाइन उपयोगी पडते. कॅल्विन स्टीव्हन्स यांनी ते १९६२ साली तयार केले आणि १९७० साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ते वेदना थांबवते, सहसा रक्तदाब टिकवते आणि योग्य मात्रेत श्वास चालू ठेवते. विजेवर चालणारे यंत्र नसलेल्या दवाखान्यांत ते जगभर आधार ठरले. मात्र एक गैरसमज टाळला पाहिजे. श्वास चालू असला, तरी फुप्फुसात द्रव शिरणार नाही याची हमी केटामाइन देत नाही. म्हणून नळी लागतेच. शिवाय गर्भारपणात रक्तदाब वाढून झटके येणाऱ्या स्त्रीला ते सहसा टाळतात, कारण त्याने दाब आणखी चढतो. तेथे थायोपेंटोनचा दोष हाच गुण ठरतो.

आज अनेक ठिकाणी थायोपेंटोनची जागा प्रोपोफॉलने घेतली आहे, आणि वेळ असेल तर बहुतेक सिझेरियन कण्यातील भूल देऊन होतात. तरीही विचाराचा क्रम बदललेला नाही: रक्त किती गेले, दाब किती आहे, पोट भरलेले आहे का, बाळाला किती वेळ उरला आहे, आणि नळी बसली नाही तर पुढे काय?

वर्गात मुले विचारतात, “सर्वांत चांगले औषध कोणते?” आम्हाला वाटते, शिक्षकांनी उलट विचारावे, “कोणासाठी, कोणत्या क्षणी आणि कोठे?” शहरातल्या सुसज्ज रुग्णालयातील उत्तर कंदिलाच्या उजेडात लागू पडेलच असे नाही. दोन्हीकडे शास्त्र मात्र एकच असते.